वाकलेला जॅक आणि एकवीस गुंठ्यांचा माळ

ट्रॅक्टरच्या पुढं बसणारा लोडर लोक घेतात तो उकिरड्यावरचं शेणखत ट्रॉलीत भरायला, नाहीतर बांधकामाची वाळू-खडी हलवायला. एकदा दारात आला की मग त्यानंच पडीक माळही सपाट करून घ्यावा, असं घरोघरी वाटतं. वाटण्यात गैर काही नाही. लोडरनं सपाटीकरण होतं आणि चांगलं होतं. पण आमच्या वर्कशॉपला दुरुस्तीसाठी जे लोडर येतात, त्यांतले बकेट फिरवायचे जॅक (तेलाच्या दाबानं दांडा आत-बाहेर करणाऱ्या नळ्या) वाकलेले बहुतेक सगळे याच कामात वाकलेले असतात. त्यातलं एक प्रकरण इथं पहिल्यापासून मांडतो. नुकसान कसं झालं ते यात दिसतं, आणि त्याच ट्रॅक्टरनं, त्याच माळावर, त्याच चालकानं तेच काम नंतर कसं नीट केलं तेही दिसतं.

माळ आणि यंत्र

गाव कवठेमहांकाळ तालुक्यातलं, अग्रणी नदीच्या खोऱ्यातलं. तात्यांची द्राक्षबाग आहे आणि बराचसा माल ते बेदाण्याला घालतात. आजवर दुसऱ्याच्या शेडवर रॅक भाड्यानं घ्यायचे, यंदा स्वतःची शेड उभी करायचं ठरलं. रस्त्याकडेला मुरमाड माळ पडून होता. लांबी २३१ फूट, रुंदी ९९ फूट, म्हणजे बरोबर २१ गुंठे. डिसेंबर सरत आला होता. फेब्रुवारीत घड उतरायला लागायच्या आत खांब रोवलेले पाहिजेत, अशी घाई.

बेदाण्याच्या शेडखालची जमीन नुसती डोळ्याला बरी दिसून भागत नाही. रॅकच्या जाळ्या एकावर एक ताणलेल्या असतात. खांब धरून पातळी साधली नाही तर जाळीला झोळ पडतो आणि माल एका अंगाला गोळा होतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट पाण्याची. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवून काढलेले घड सावलीत वाळायला पंधरा-वीस दिवस घेतात. नेमक्या त्याच दिवसांत अवकाळी पाऊस गाठतो. शेडखाली पाणी तुंबलं की हवा दमट राहते, बेदाणा काळपट पडतो आणि तासगावच्या सौद्यात दर उतरतो. म्हणून जमीन एकसारखी हवी आणि एका अंगाला उतरती हवी. इथं पूर्वेला ओढा आहे. त्या बाजूला १०० फुटांमागं १ फूट उतार पुरेसा होता.

माळाचा मूळ उतारही साधारण तेवढाच होता, पण मधोमध टेपाड होतं. पश्चिमेच्या कडेला जुना दगडी बांध मोडून त्याचे धोंडे जागच्या जागी गाडलेले. आणि जुन्या पाईपलाईनचा चर माळाला आडवा गेलेला, भरलेला पण खाली बसलेला.

यंत्र म्हणजे ५० अश्वशक्तीचा ट्रॅक्टर, ओढ फक्त मागच्या चाकांना. त्याच्या लोडरला भुजा उचलायचे दोन जॅक आणि बकेट फिरवायचे दोन. बकेट साडेपाच फूट रुंद, दाते नाहीत, सरळ पातं. चालवणारा तात्यांचा पुतण्या. हात साफ आहे त्याचा. ट्रॉली उलटी घेताना बघितलं की कळतं.

त्यानं काम असं केलं: बकेट पूर्ण पालथी केली, पातं सरळ जमिनीत रोखलं, भुजा खाली दाबून पुढची चाकं हलकी होईस्तोवर जोर दिला आणि रिव्हर्स टाकून ओढत मागं निघाला. रस्त्याच्या कामावर जेसीबीवाला असंच करताना त्यानं पाहिलं होतं. जमीन कोरडी ठणठणीत, आणि गिअरही वेगाचा. टेपाडाचा वरचा थर निघाला, छान गुळगुळीत पट्टाही पडला, त्यामुळं रीत बरोबर आहे असंच वाटलं. पश्चिमेच्या कडेला आल्यावर मोठा आवाज झाला, ट्रॅक्टर जागेवर थबकला आणि डाव्या बाजूनं तेल गळायला लागलं.

तात्यांचा फोन आला तो असा: "पाईप फुटलाय वाटतं, तेल सांडाय लागलंय. गाडी घेऊन येतो, तेवढं उद्या करून द्या."

वर्कशॉपला काय दिसलं

पाईप शाबूत होता. तेल येत होतं ते जॅकच्या तोंडातून, जिथं दांडा आत-बाहेर होतो तिथल्या सीलमधून. डाव्या फिरवायच्या जॅकचा दांडा बाहेरून बघताना सरळच वाटत होता. बकेट हळूहळू फिरवली तेव्हा दांडा निम्मा आत गेला आणि अडला. अडला तिथं क्रोमवर एका अंगाला काळी ओरखड आणि त्याच्या बरोबर समोरच्या अंगाला सील चिरलेलं.

असल्या वेळी मी जॅक खोलायच्या आधी बकेटचं पातं बघतो, कारण काय झालं ते तिथं लिहिलेलं असतं. पात्याच्या डाव्या कोपऱ्याला अंगठ्याएवढी ताजी खाच पडली होती, आतलं पोलाद चकचकीत. पात्याची झीज तळाच्या बाजूला, म्हणजे बकेट पालथी केल्यावर जी बाजू ट्रॅक्टरकडं येते तिथं. आतल्या बाजूला जवळजवळ नाहीच. याचा अर्थ यंत्र पुढं जाताना कापण्याऐवजी पालथं होऊन मागं ओढलं गेलंय. उजवा दांडा सरळ होता. म्हणजे मार सबंध पात्यावर न बसता एका कोपऱ्यावर बसला आणि तो डाव्या जॅकनं एकट्यानं सोसला. पुतण्याला एवढंच विचारलं, "पश्चिमेच्या कडेला धोंडा लागला काय?" त्यानं मान डोलावली.

जॅक खोलून दांडा व्ही-ब्लॉकवर ठेवला, बाक मोजायचं डायल गेज लावून फिरवला. मधल्या भागात चांगले सहा मिलिमीटर बाक होता. डोळ्याला न दिसणारा बाक जॅकच्या आत जाऊ शकत नाही, कारण दांडा आणि बुश यांच्यातली फट मिलिमीटरच्या एका बारीक अंशाएवढीच असते.

वाकला का

इथं थोडं थांबायला पाहिजे, कारण कारण समजलं की पुढचं सगळं आपोआप सुचतं.

बकेट भुजेच्या टोकाला एका पिनवर फिरते. जॅक त्या पिनच्या वर, बकेटच्या पाठीला धरलेला असतो. बकेट पालथी करायला जॅक लांब होतो, वर उचलायला आत येतो. ट्रॅक्टर मागं चालला की जमीन पात्याला पुढं धरून ठेवते. पातं पुढं रेटलं जातं म्हणजे बकेटची पाठ मागं येते, आणि ती जॅकच्या दांड्याला टोकाकडून दाबते. म्हणजे मागं ओढताना या दांड्यावर येतो तो ताण नसतो, दाब असतो.

आता हा दाब किती? तो ठरतो पिन आणि पातं यांच्यातल्या उभ्या अंतरावर. या बकेटमध्ये पालथ्या अवस्थेत पातं पिनच्या दोन फूट खाली होतं. जॅकचा जोड पिनपासून आठ इंचांवर. चोवीस इंच भागिले आठ, म्हणजे पात्यावर १ टन अडलं तर जॅकवर ३ टन. तीच बकेट तळ जमिनीला सपाट टेकवून ओढली तर पातं पिनच्या सहाच इंच खाली राहतं, आणि १ टनाचे जॅकवर पाऊण टन होतात. नुसता कोन बदलला आणि भार चौथाईवर आला.

दुसरी गोष्ट दांड्याची लांबी. बकेट पालथी असते तेव्हा दांडा जास्तीत जास्त बाहेर आलेला असतो. आखूड काठी टोकाकडून कितीही दाबली तर वाकत नाही, लांब काठी मात्र लगेच कमान घेते. बारीक दांड्याचंही तसंच, लांबी दुप्पट झाली की वाकण्याआधी सोसायची ताकद चौथ्या हिश्श्यावर येते. तेव्हा पालथ्या बकेटमध्ये दोन्ही गोष्टी एकदम उलट्या पडतात. भार सगळ्यात जास्त, आणि सोसायची ताकद सगळ्यात कमी.

तिसरी गोष्ट वेगाची. लोडर आणि मागचं वजन धरून हा ट्रॅक्टर ३ टनांच्या आसपास. ताशी ५ किलोमीटरनं चालताना धोंड्याला अडून तो ५ सेंटिमीटरात थांबला, तर पात्यावर सरासरी ६ टनांच्या जवळ मार बसतो. ताशी २ किलोमीटरनं तोच प्रसंग घडला तर १ टनाच्या आत. वेग अडीचपट, मार सहापट. लो गिअरचं महत्त्व एवढं आहे, आणि ते चालकाच्या कौशल्यानं भरून निघत नाही, कारण गाडलेला धोंडा कुणालाच दिसत नाही.

चालकांचा एक समज इथं मुद्दाम खोडतो. ते म्हणतात, जोर जास्त झाला तर रिलीफ वॉल्व्ह, म्हणजे जास्तीचा दाब सोडणारा वॉल्व्ह, सुटेल, जॅकला काही होणार नाही. लिव्हर मधल्या जागेवर असताना जॅकमधलं तेल वॉल्व्हच्या पलीकडं कोंडलेलं असतं, आणि मुख्य रिलीफ वॉल्व्ह असतो पंपाच्या बाजूला. बाहेरून बसलेला धक्का त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी जॅकच्या लाईनला वेगळा शॉक वॉल्व्ह लागतो. साध्या दोन लिव्हरच्या वॉल्व्हला तो बऱ्याचदा नसतो, इथंही नव्हता.

जेसीबीवाल्याचं मग कसं चालतं? ते यंत्र सात टनांच्या वर, त्याच्या भुजा, पिना आणि जॅक त्याच मापाचे. शिवाय जाणता ऑपरेटर पालथ्या बकेटनं फक्त टाकलेला सैल माल पसरतो, न फोडलेली जमीन त्यानं ओढत नाही. पुतण्यानं रीत पाहिली, पण रस्त्यावरचा मुरूम डंपरनं नुकताच ओतलेला होता, हे त्याच्या लक्षात यायला कारण नव्हतं.

पुढं चालतानाही पालथी बकेट घातकच. तेव्हा पातं ट्रॅक्टरच्या पोटाखाली ओढलं जातं, जॅक ताणला जातो आणि भुजांना वर-मागं रेटा बसतो. दांडा कदाचित वाचेल, पण भुजांचं वेल्डिंग उलतं.

दुरुस्ती

तात्यांची इच्छा होती की दांडा प्रेसवर सरळ करून घालावा. मी नको म्हणालो. हार्ड क्रोमचा थर ठिसूळ असतो. दांडा वाकला की त्याला बारीक चिरा जातात, सरळ करताना आणखी जातात, आणि मग तो सुटून नव्या सीलला कापत राहतो. ईएन-८ पोलादाचा ३५ मिलिमीटरचा क्रोम केलेला नवा दांडा लेथवर मापात घेतला, पिन बसायचा जुना डोळा काढून त्याला वेल्ड केला, वायपर, सील, बुश सगळं नवीन घातलं. पिस्टनच्या बाजूला नळीच्या आत बोट फिरवून बघितलं, ओरखडा नव्हता. जोडल्यावर दोन्ही लिव्हर टोकापासून टोकापर्यंत सावकाश हलवून हवा काढली आणि तेलाची पातळी पुन्हा भरली.

पात्याच्या खाचेला वेल्ड भरून द्या असंही तात्या म्हणाले होते. पात्याचं पोलाद कडक असतं. ते आधी तापवून न घेता वेल्ड मारलं तर शेजारी तडा जातो. खाच ग्राइंडरनं उतरती करून सोडून दिली, त्यानं सपाटीत फरक पडत नाही.

घरी कुणी हे काम हातात घेणार असेल तर दोन गोष्टी जिवाच्या आहेत. भुजा वर ठेवून खाली हात-डोकं घालायचं नाही. बकेट जमिनीवर टेकलेली, इंजिन बंद, आणि लिव्हर हलवून उरलेला दाब सोडलेला. आणि गळती कधीही हातानं चाचपायची नाही. बारीक भोकातून दाबानं येणारं तेल कातडीत घुसतं, वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं आणि आत बोट सडतं. पुठ्ठा धरून बघायचं. तेल कातडीत घुसलंच तर दुखो न दुखो, लगेच दवाखाना गाठायचा.

माळावर दुसऱ्यांदा

लोडर जोडून द्यायला मी माळावर गेलो, कारण नुसता जॅक बदलून दिला असता तर तो पुन्हा आला असता. पुतण्याला आपली रीत सोडायला फारसं सांगावं लागलं नाही. वाकलेला दांडा त्याच्या हातात दिला होता.

पहिलं काम लोडरचं नव्हतंच. पश्चिमेच्या कडेला पहार घेऊन दोन-दोन पावलांवर टोचत गेलो. जिथं टणक लागलं तिथं चुना टाकला. ते धोंडे खोऱ्या-पहारीनं उघडे करून, साखळी लावून मागच्या हुकनं ओढून काढले. बकेटच्या कोपऱ्यानं धोंडा उकरायचा मोह इथं फार होतो. एका कोपऱ्यावर जोर आला की एक भुजा वर आणि एक खाली पिळते, आणि पिळलेल्या भुजा परत कधीच सरळ चालत नाहीत.

नंतर टँकरनं पाणी मारलं आणि वाफसा येईपर्यंत थांबलो. मुरमाला वाफसा लवकर येतो. मूठभर घेऊन दाबला तर गोळा व्हावा आणि बोटानं ढकलला तर फुटावा, एवढी ओल पुरे. मग नऊ फणी कल्टिव्हेटर आधी उभं, मग आडवं. टेपाडावर आणखी एकदा. तात्यांना हे डिझेल वाया घालवणं वाटत होतं. पण जमीन फोडणं हे फणांचं काम आहे. बकेटनं ते करायचं म्हटलं की तिथंच नुकसान सुरू होतं. मला या सगळ्या प्रकरणातून एकच गोष्ट सांगायची असेल तर ती हीच.

पातळीसाठी लेव्हल पाईप घेतला, पारदर्शक नळीत पाणी भरून. २३१ गुणिले ९९ चा माळ ३३ फुटांच्या चौकोनांत बरोबर बसतो, लांबीला सात आणि रुंदीला तीन, म्हणजे एकेक चौकोन एकेक गुंठ्याचा. कोपऱ्यांवर ३२ खुंट्या. १०० फुटांना १ फूट म्हणजे ३३ फुटांना ४ इंच, तेव्हा पश्चिमेची खुंटी धरून पूर्वेकडं प्रत्येक ओळीला ४ इंच खाली खूण करत गेलो. दोरी बांधल्यावर कुठं किती काढायचं आणि कुठं भरायचं ते डोळ्यासमोर आलं. बाहेरून एक ट्रॉलीही मुरूम आणायची गरज नव्हती.

टेपाडाच्या तीन चौकोनांत सरासरी ५ इंच काढायचे होते. एका गुंठ्याचे १०८९ चौरस फूट, त्यात ५ इंच म्हणजे साडेचारशे घनफूट. बकेटीत साधारण १० घनफूट बसतो. तीन चौकोनांच्या खेपा दीडशेच्या घरात जातात. हा आकडा ऐकून पुतण्या म्हणाला, "ओढून नेलं तर लवकर होईल की." होत नाही. ओढताना माल दहा-पंधरा फुटांत दोन्ही कडांनी सांडून जातो, आणि तोच पुन्हा पुन्हा ओढत बसावं लागतं. बकेट उचलून न्यायलाच बनवलेली आहे. लांबची माती उचलून न्यायची, ओढायचं फक्त शेवटचं इंच-दोन इंच.

काढताना बकेटचा तळ जमिनीला जवळजवळ सपाट, नाक जरासं खाली, लो गिअर पहिला, आणि ट्रॅक्टर पुढं. एका वेळी दीड-दोन इंचांचा थर. इंजिन दबायला लागलं की क्लच न दाबता बकेट किंचित वर घ्यायची. भरलेल्या बकेटीत साडेचारशे किलोच्या आसपास मुरूम असतो आणि तो सगळा पुढच्या एक्सलवर येतो. या ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल त्याला बेताचाच आहे. म्हणून मागच्या टायरांत पाणी भरलं आणि मागं रोटर उचलून ठेवला, चारएकशे किलोचा. नेताना बकेट जमिनीपासून फूटभरच वर. भरलेली बकेट उंच धरून आडव्या उतारावर वळणारा ट्रॅक्टर उलटायला फार वेळ लागत नाही.

फ्लोट

शेवटची सफाई मागं ओढूनच होते. इथं पुतण्याला अडचण अशी होती की तो भुजा खाली दाबायचा, आणि दाबल्याशिवाय बकेट जमिनीला लागून राहत नाही असं म्हणायचा.

लोडरच्या लिव्हरला वर, मध्य आणि खाली अशा तीन जागा असतातच. बऱ्याच वॉल्व्हना चौथी असते, खालच्याही पुढं जोरानं ढकलल्यावर लागणारी. तिथं लिव्हर आपोआप अडकून राहतो. ही फ्लोटची जागा. तिथं उचलायच्या जॅकच्या दोन्ही बाजू टाकीला मोकळ्या होतात, भुजा नुसत्या आपल्या वजनानं बकेटवर बसतात, आणि जमीन उंच आली की बकेट वर येते, खोल गेली की खाली जाते. या लोडरला ती जागा होती. लिव्हरच्या रबरी टोपीत शेणखताचा वाळलेला गोळा साचून लिव्हर तिथपर्यंत जातच नव्हता, आणि घेतल्यापासून कुणी ती वापरलीच नव्हती. टोपी काढून साफ केली, ढकलला, खट् आवाज आला.

फ्लोट खरोखर लागला का हे बघायची सोपी परीक्षा आहे. बकेट टेकवून लिव्हर फ्लोटला टाकायचा आणि पुढचे टायर बघायचे. ते रोजच्याएवढेच दबलेले असले पाहिजेत. मग चालत जाऊन बकेटचा तळ एका विटेवर चढवायचा. भुजा आपण होऊन वर आल्या तर फ्लोट आहे. पुढचं चाक उचललं गेलं तर नाही. ज्यांच्या लोडरचे उचलायचे जॅक एकतर्फी आहेत, म्हणजे तेल फक्त वर न्यायला आणि खाली येणं वजनानं, त्यांनी लिव्हर खाली धरून ठेवला की तेच काम होतं. आणि ज्यांच्या वॉल्व्हला चौथी जागाच नाही, त्यांनी बकेट टेकली की लिव्हर लगेच सोडायचा आणि दर दहा-वीस फुटांना उंची जुळवत जायचं. वेळ जातो, पण यंत्र टिकतं.

ओढताना बकेट निम्मी भरलेली ठेवली. त्या दोन-अडीचशे किलोंनी जो दाब येतो तो हायड्रॉलिकच्या दाबासारखा आंधळा नसतो, अडथळा आला की बकेट त्याच्यावरून चढून जाते. तळ सपाट, नाक फार तर दोन बोटं खाली, लो रिव्हर्स. ओढत असताना स्टिअरिंग वळवायचं नाही. वळायचं असेल तर बकेट उचलून. वळताना ओढलं की भुजांवर आडवा जोर येतो, आणि आडव्या जोराला त्या बनवलेल्याच नसतात.

तळ सपाट आहे की नाही हे चालकाच्या जागेवरून दिसत नाही, ही खरी अडचण. काही जण त्यासाठी जॅकच्या दांड्यावर रंगाचा पट्टा मारतात. दांड्यावर काहीही लावू नका, पहिल्याच फेरीत तो रंग सीलमध्ये जातो. आम्ही आठ मिलिमीटरची सळई बकेटच्या पाठीला धरली आणि भुजेवर जाड नळीचा तुकडा लावून त्यातून ती सरकती ठेवली. सळईचं टोक नळीच्या तोंडाशी आलं की तळ जमिनीला समांतर. पुतण्याला मान वाकवायची गरज उरली नाही, आणि त्याच्या ओढीत लगेच फरक दिसला.

शेवटच्या फेऱ्यांना आणखी एक केलं. जुना जाड तीन इंची लोखंडी पाईप एका बाजूनं उभा चिरून पात्यावर म्यानासारखा चढवला, दोन्ही टोकांना बोल्टनं धरला. मग पातं खात नाही, नुसतं घासत जातं. ओल्या मुरमावर त्याचा पट्टा इतका सारखा पडतो की दोरी लावून बघावी.

तरीही स्पष्ट सांगतो, बकेटनं मिळते ती सफाई इंचभराच्या आतली. शेडला, खळ्याला, अंगणाला ती भरपूर. पाटानं पाणी द्यायचं शेत असेल तर मागं जोडायची लेव्हलरची फळी बरी, आणि एकरांचं काम असेल तर लेझर लेव्हलरच बोलवावा. लोडरला त्या कामात घालणं म्हणजे डिझेल आणि पिना दोन्ही झिजवणं.

नंतर

भराव चार-पाच इंचांच्या थरानं घेतला, प्रत्येक थराला पाणी आणि भाड्याचा रोलर. टेपाड कुठं होतं ते शोधून सापडेना. तात्यांनी टँकर पश्चिमेच्या कडेला उभा करून पाणी सोडायला लावलं. पाणी पूर्वेकडं सरकत गेलं, चराच्या जागी मात्र थबकलं. तो भाग आम्ही बाकीच्या माळासारखाच वरून भरला होता, आणि खालची जुनी माती अजून सैल होती. तिथं फूटभर खोल उकरून, ओली करून, थराथरानं पुन्हा भरावं लागलं. खांब रोवायला त्यामुळं चार दिवस उशीर झाला, पण फेब्रुवारी गाठला.

मार्चमध्ये एक अवकाळी सर आली तेव्हा शेडवर बेदाणा वाळत होता. पाणी ओढ्याकडं गेलं. चराच्या पट्ट्यात पुन्हा इंचभर बसल्यासारखं दिसतंय, तो हंगाम संपल्यावर भरून घ्यायचा आहे.

जॅक नीट चाललाय, सील कोरडं आहे. राहिलंय ते डाव्या बाजूच्या बकेट पिनचं भोक. धक्क्यानं ते लांबट झालंय, पिन हलवली की आवाज येतो. रोज ग्रीस घालून हंगाम निघेल. मे महिन्यात लोडर उतरवून भोक बोअर करायचं, बुश घालायचं आणि त्याच वेळी पातं उलटं फिरवून न झिजलेली कड खाली आणायची, असं ठरलंय.